वरचे नऊ हजार

गणपतीच्या आधी एका रात्री इचलकरंजीहून आतेभावाच्या मुलाचा मेसेज आला. सोबत तयार गेमिंग कॉम्प्युटरच्या एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट. काळा कॅबिनेट, पुढून आणि बाजूने काच, आत जांभळे-निळे दिवे लावलेले पंखे, आणि खाली ठळक अक्षरांत : आय फाइव्ह बारावी जनरेशन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई, आरटीएक्स ३०५०, वायफाय, आरजीबी. किंमत ५७,९९९ रुपये. त्याखाली पोराचा प्रश्न : 'काका, घेऊ काय? परवडतोय काय?' मला या प्रश्नांचं व्यसन आहे. कुणी विचारावं आणि मी कामधंदा सोडून प्रत्येक पार्टचा बाजारभाव काढत बसावं, असं वर्षानुवर्षं चाललंय. सकाळी चहाआधीच मी त्याला हिशेब पाठवला. प्रोसेसर अकरा हजार, ग्राफिक कार्ड साडेसतरा, मदरबोर्ड साडेसहा, रॅम साडेतीन, एसएसडी (ती ५१२ जीबीवाली साठवण) तीन, एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) चार, पंख्यांसकट कॅबिनेट साडेतीन. एकूण एकोणपन्नास हजार, जीएसटी धरून. म्हणजे तयार डब्यासाठी वरचे नऊ हजार. टक्क्यांत काढलं तर साधारण अठरा. सरकारचा जीएसटीही अठराच टक्के, त्यामुळे डबा बांधणाऱ्यानेही स्वतःचा एक जीएसटी बसवलाय, असा विनोदही मी शेवटी जोडला.

दुपारी वहिनींचा फोन आला. आधी गणपतीचं, पावसाचं बोलणं झालं आणि मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा हिशेब बरोबरच असणार. पण नऊ हजार वाचवून आणलेला डबा उद्या बंद पडला, तर इथं कुणाला बोलवायचं, तेपण लिहा की त्यात."

त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

खरं तर माझ्या हिशेबात त्याहून मोठी एक गोम होती आणि ती मला लिहितानाच ठाऊक होती. एसएमपीएसचे चार हजार मी माझ्या मनाने धरले होते. जाहिरातीत एसएमपीएसचा उल्लेखच नव्हता. मदरबोर्डचंही नाव नव्हतं, एसएसडी कुणाची ते नव्हतं, १६ जीबी रॅम म्हणजे एक कांडी की आठ-आठच्या दोन, तेही नव्हतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात जलतरण तलाव असतो, नळाला पाणी किती वेळ येतं ते नसतं; तसलाच प्रकार. आत नऊशे रुपयांचा लोकल एसएमपीएस निघाला तर वरचे नऊ हजार एका फटक्यात बारा होतात. म्हणजे तयार मशीन महाग की स्वस्त, हे जाहिरातीवरून काढताच येत नाही. फार तर 'निदान इतकं महाग' एवढं काढता येतं.

जे लिहिलेलं असतं तेही सरळ नसतं. आता हेच 'आरटीएक्स ३०५०' घ्या. २०२२च्या जानेवारीत आलं ते कार्ड ८ जीबीचं. २०२४च्या फेब्रुवारीत त्याच नावाने ६ जीबीचं आलं, आणि फरक फक्त दोन जीबीचा नव्हता. कोअर, म्हणजे आतले हिशेब करणारे भाग, २५६० वरून २३०४ वर आले, मेमरीचा रस्ता १२८ बिटांवरून ९६ बिटांवर आला. म्हणजे ते वेगळंच, हळू कार्ड. नाव मात्र तेच. या धंद्यात हे जुनंच आहे. २०१६च्या जीटीएक्स १०६०मध्ये ३ जीबीच्या आणि ६ जीबीच्या कार्डांत मेमरीबरोबर कोअरही कमी-जास्त होते, पण डब्यावरचा आकडा एकच. जाहिरातीत नुसतं '३०५०' लिहिलं असेल तर माझा अनुभव असा, की ते ६ जीबीचंच असतं. ८ जीबीवाला गप्प बसत नाही, तो ८ छापतोच.

पण गंमत अशी, की याच कापलेल्या कार्डाबद्दल माझ्या मनात थोडा जिव्हाळाही आहे. ८ जीबीवालं १३० वॅट खातं, हे जेमतेम ७०. बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच भागतं. ज्या घरात विजेचा भरवसा नाही, जिथे सगळं एका छोट्या यूपीएसवर टांगायचं असतं, तिथे हा गुणच. इचलकरंजीत यंत्रमाग सुरू-बंद होताना दिव्यांची मान लवताना मी लहानपणापासून पाहिलीय. आत्याच्या घरी माडीवर झोपलं की मागांचा खडखडाट जमिनीतून अंगात यायचा, आणि मध्येच बल्ब पिवळा पडून परत उजळायचा. त्या गावात वॅट हा नुसता यादीतला आकडा नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'आय सेव्हन गेमिंग पीसी, फक्त २१ हजार'. जनरेशन लिहिलेली नसते, किंवा फोटोंच्या चौथ्या चित्रात कोपऱ्यात असते. आत चौथ्या जनरेशनचा, म्हणजे २०१३च्या आसपासचा प्रोसेसर, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, आणि नवाकोरा चिनी मदरबोर्ड. सोबत जीटी ७३०, म्हणजे गेमिंगच्या नावाने शोभेचं कार्ड. २०२२चा साधा आय थ्री त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो, पण सात हा आकडा तीनपेक्षा मोठा, आणि आई-बापांना तेवढंच दिसतं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे चालतं आणि विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. तरी असली मशीनं 'विंडोज ११ प्रो टाकून मिळेल' असं सांगून विकली जातात. 'टाकून मिळेल' म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझं खरं भांडण एसएमपीएसशी आहे. तो दिसत नाही, चमकत नाही, त्याने फ्रेम, म्हणजे गेममध्ये सेकंदाला उमटणारी चित्रं, वाढत नाहीत, म्हणून पैसे वाचवायला सगळ्यात आधी तोच सापडतो. लोकल डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. त्याच स्टिकरवर खाली एक बारीक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रांगेत अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड प्रामुख्याने याच १२ व्होल्टवर जगतात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. बाकीचे वॅट कागदावर. चांगल्या एसएमपीएसमध्ये शॉर्ट झालं, व्होल्टेज उसळलं तर स्वतःहून बंद पडायची सोय असते. स्वस्तात तीच कापलेली असते, आणि मग तो मरताना एकटा मरत नाही, मदरबोर्डला बरोबर घेऊन जातो. '८० प्लस' हा शिक्का २००४पासून आहे. तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, बाकी मजबुतीची हमी देत नाही. तरी ज्याने तो शिक्का मिळवायची तसदी घेतलीय तो बहुधा आत तांबंही थोडं जास्त घालतो. पूर्वी दुकानात एसएमपीएस हातात घेऊन वजनावरून पारख करायचे. आता ऑनलाइन फोटोला वजन नसतं.

एसएमपीएसचं नाव नसलेली यादी मी अर्धवट यादी समजतो.

हे सगळं मला शिकवलं लॅमिंग्टन रोडने. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी तसं म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. आम्ही डोंबिवलीला राहायचो. बाबांनी आमचा पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, आणि मग दुपारभर एकेका दुकानात कोटेशन घेत फिरायचं. दुकानं कसली, जिन्याखालच्या खोल्या. नव्या कार्टनचा, थर्मोकोलचा आणि सोल्डरचा मिळून एक वास असायचा. अजून कुठलाही नवा डबा उघडला की मला तो वास शोधावासा वाटतो. दुकानदार पाठकोऱ्या कागदावर वरपासून खाली भराभर लिहायचा : प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी, कॅबिनेट विथ एसएमपीएस, मॉनिटर. शेवटी एक रेघ, बेरीज, आणि विचारायचा, "बिल के साथ या बिना बिल?" त्या काळीही वाद हाच होता : असेंबल्ड की ब्रँडेड. मामा म्हणाला ब्रँडेड घ्या, डोक्याला ताप नको. बाबांनी सगळी कोटेशनं घरी आणून जेवणाच्या टेबलावर मांडली, प्रत्येक ओळीतला सगळ्यात कमी भाव लाल पेनाने गोल केला, आणि तो कागद घेऊन पुढच्या शनिवारी परत गेले. मॉनिटर मालडब्यातून आणला. माझ्या मांडीवर कीबोर्डचा खोका होता.

बाबांनी किती वाचवले ते त्यांनी पुढे कित्येक पाहुण्यांना सांगितलं. जे सांगितलं नाही ते असं, की त्या मशीनबरोबर आम्हाला एक दादा मिळाला होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा, हार्डवेअरचा कोर्स केलेला. रविवारी पोहे झाले की यायचा. मशीन सुरू होऊन नुसतं बीप-बीप करायला लागलं की तो कॅबिनेटची बाजू उघडायचा, रॅम काढायचा आणि माझ्या कंपासपेटीतल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासून परत बसवायचा. निम्म्या वेळा तेवढ्याने चालायचं. पावसाळ्यात तर हमखास. एकदा एसएमपीएस जळला तेव्हा त्यानेच दुसरा आणून लावला, पैसे पुढच्या महिन्यात घेतले. असेंबल्ड स्वस्त पडलं ते या माणसामुळे. कोटेशनच्या कागदावर त्याची ओळ नव्हती, म्हणून बेरीज कमी आली.

वहिनी विचारत होत्या ती हीच ओळ.

आज इचलकरंजीत मोबाइल दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतील. पण ग्राफिक कार्ड मेलंय की एसएमपीएस, हे दुसरा पार्ट लावून पाहून सांगणारा माणूस हवा असेल तर त्याच्याकडे तो दुसरा पार्ट पडलेला असावा लागतो. वॉरंटीचं कोडं तिथेच सुरू होतं. सुटे पार्ट घेतले तर कागदावर तुम्ही राजे : प्रोसेसरला तीन वर्षं, कार्डाला बहुधा तीन, एसएसडीला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा त्याहून जास्त. तयार मशीनला पुष्कळदा सगळं मिळून एकच वर्ष. पण पहिल्या बाबतीत सहा कंपन्या आणि सहा सर्व्हिस सेंटरं, कुठलं कोल्हापुरात, कुठलं पुण्यात, आणि दोष कुठल्या पार्टात आहे हे आधी तुम्ही सांगायचं. दुसऱ्या बाबतीत एकच फोन नंबर. तो उचलला जातो की नाही, यावर वरच्या नऊ हजारांचं सोनं होतं की माती. आणि हे किमतीवरून कळत नाही. काही मोठ्या ब्रँडांच्या तयार मशीनमध्ये तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस खास त्यांच्याच मापाचे असतात, बाजारातला नेहमीचा पार्ट आत बसतच नाही. तो पहिली दोन वर्षं सुखाचा संसार असतो आणि नंतर कार्ड बदलायचं म्हटलं की सगळंच बदला.

बरं, सुटे पार्ट नेहमी स्वस्तच पडतात असंही नाही. २०२१ साल आठवा. क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक कार्डं पोत्याने उचलली होती आणि राहिलेली दुप्पट-अडीचपट भावाने विकली जात होती. तेव्हा तयार मशीन हाच शहाणपणा होता. कार्डासाठी अख्खं मशीन घ्यायचं आणि उरलेला डबा विकून टाकायचा, असं करणारेही होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरिअम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची, म्हणजे कार्डं राबवून नाणी मिळवायची, पद्धतच सोडली आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं पुसूनपासून बाजारात आली. त्या काळात 'अगदी स्वस्त' तयार मशीन घेणाऱ्याने आत काय घेतलं, हे तोच जाणे. भाव हे असं असतं. त्याची तारीख सांगितल्याशिवाय महाग-स्वस्त बोलूच नये, असं मला वाटतं. पण बोलल्याशिवाय राहवतही नाही.

मी पोराला फोन करून विचारलं, खेळतोस काय? म्हणाला, व्हॅलोरंट. आणि? आणि मित्राकडे गेलं की सायबरपंक बघतो. बघतो, म्हणजे मित्र खेळतो आणि हा बघतो. व्हॅलोरंट जुन्यापान्या मशीनवरही पळतो, त्याला कार्डापेक्षा प्रोसेसर बरा लागतो. मॉनिटर कोणता? बाबांच्या ऑफिसातला, ६० हर्ट्झचा. म्हणजे मशीन सेकंदाला दोनशे चित्रं काढणार आणि पडदा त्यातली साठ दाखवणार. नऊ-दहा हजारांत १४४ हर्ट्झच्या पुढचा पडदा मिळत असताना डब्यातल्या दिव्यांवर पैसे घालणं मला अजिबात पटत नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला दिवे नकोत असं सांगणारा मी कोण? बाबांनी आणलेल्या पांढऱ्या कॅबिनेटवर मी हॉलोग्रामचे स्टिकर चिकटवले होते.

नंतर मी हिशेब परत मांडला, वहिनींचा रकाना धरून. त्यात पहिला बदल अक्षरापुरता होता. जाहिरातीतला प्रोसेसर 'एफ' होता. एफ म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचं ग्राफिक नाही. आम्ही पुण्या-मुंबईचे लोक दोन-अडीच हजार वाचतात म्हणून डोळे मिटून एफ घेतो. पण कार्ड वॉरंटीत गेलं की एफवालं मशीन पूर्ण आंधळं होतं, आणि कार्ड परत यायला दोन आठवडेही लागू शकतात, दोन महिनेही. एफ नसलेला घेतला तर गेम बंद, पण अभ्यास, प्रोजेक्ट, वहिनींचा जीएसटीचा रिटर्न चालू. पुण्यात बसून जो पार्ट फुकटचा खर्च वाटतो तो इचलकरंजीत विमा ठरतो. दुसरं, रॅम आठ-आठच्या दोन कांड्या, कारण दोन वाटांनी मेमरी चालली तर गेममध्ये फरक पडतोच, शिवाय एक कांडी मेली तर दुसरीवर मशीन उभं राहतं. तिसरं, नाव असलेला एसएमपीएस. चौथं, यूपीएस आणि खोलीतल्या प्लगचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेणं. हे चौथं कुठल्याच जाहिरातीत नसतं आणि यंत्रमागाच्या गावात ते पहिलं असायला हवं.

ही यादी घेऊन पोरगा आणि आतेभाऊ कोल्हापूरला एका दुकानात गेले. दुकानदाराने डब्याचे चोपन्न हजार सांगितले, पक्क्या बिलावर, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून, आणि काही झालं तर मशीन इथे आणून टाका, कुठला पार्ट गेला ते मी बघतो, असं म्हणाला. पार्टांच्या बेरजेवर त्याने जे अडीच-पावणेतीन हजार लावले होते ते मला मुळीच खुपले नाहीत. उलट थोडे जास्त घे पण फोन उचल, असं म्हणावंसं वाटलं. वहिनींनी मात्र त्याच्याकडून आणखी पाचशे कमी करून घेतले. पोरगा काचेच्या कॅबिनेटवर अडून बसला आणि जिंकला.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण २०२५च्या डिसेंबरात त्याच्या मित्राचा मेसेज आला. त्याला तेच मशीन, तीच यादी, तोच भाव हवा होता. मधल्या काळात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार गिळला होता. रॅमचा भाव दुपटीच्याही वर गेला, एसएसडी त्याच्या मागोमाग. मायक्रॉनसारख्या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने तर 'क्रुशियल' हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोल्हापूरच्या दुकानदाराचं नवं कोटेशन साठच्या पुढे गेलं होतं आणि कोटेशन आजच्या दिवसापुरतंच, असं खाली लिहिलं होतं. मी सहज ती जुनी जाहिरात शोधली. तयार मशीन, तेच दिवे, तीच काच, ५७,९९९. जुन्या भावाची रॅम आत घालून गोदामात पडून राहिलेलं असणार. सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा आता तेच स्वस्त.

मी त्या मुलाला लिहिलं, घ्यायला हरकत नाही, पण आधी विक्रेत्याला एसएमपीएस कोणता, मदरबोर्ड कोणता आणि रॅमच्या कांड्या किती ते विचार. त्याने विचारलं आणि उत्तराचा स्क्रीनशॉट मला पाठवला : 'सर, एसएमपीएस ४५० वॅट आहे, हेवी आहे. काही टेन्शन नाही.' मदरबोर्ड आणि रॅमबद्दल काहीच नव्हतं. मी त्याला स्टिकरचा फोटो मागायला सांगितलंय, बारा व्होल्टची रांग दिसेल असा. मुलगा म्हणाला, काका, तोपर्यंत भाव वाढला तर?